सोनेरी ढालीवरचा काळा चेहरा

आजचं मनन एका ढालीवर आहे. त्यासाठी वेगळं आसन नको. पाठ टेकून बसलात तरी चालेल. फक्त घाई बाजूला ठेवा. मनासमोर एक ढाल आणा. वरची कड सरळ, खाली गोलाई घेत निमुळती झालेली. ढालीचा सगळा रंग सोनेरी, म्हणजे कागदावर साधा पिवळा. थोडा वेळ हा रंगच पाहत राहा.

आता त्या पिवळ्यावर एक काळा चेहरा येऊ द्या. एका बाजूने दिसणारा, आपल्या डाव्या हाताकडे पाहणारा. कानात सोन्याची बाळी, ओठ लाल. मानेखाली काहीच नाही. हत्यार नाही, घोडा नाही, किल्ला नाही. हा चेहरा आफ्रिकी माणसाचा आहे आणि ही ढाल जर्मनीतल्या एका गावाची आहे.

मन इथे लगेच प्रश्न विचारायला धावेल. हा कोण? तिथे कसा आला? प्रश्न राहू द्यात, उत्तरं येतील. त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ढालीवरची उजवी बाजू आणि डावी बाजू पाहणाऱ्याची धरत नाहीत, ढाल धरणाऱ्याची धरतात. आपल्याला डावीकडे वळलेला दिसणारा चेहरा त्यांच्या हिशेबाने उजवीकडे पाहत असतो. म्हणून कल्पनेत एक पाऊल टाका आणि ढालीच्या मागे जाऊन उभे राहा. आता चेहरा तुम्हाला दिसत नाही. तो समोरच्याला दिसतो. तुमच्या आणि समोरून येणाऱ्या वाराच्या मध्ये तो आहे. एखादं गाव आपलं नगरचिन्ह ठरवतं तेव्हा ते जगासमोर कोणाला उभं करायचं आणि आपण कोणाच्या आडोशाला राहायचं, हेही ठरवत असतं. या गावाने शेकडो वर्षांपूर्वी असा माणूस निवडला, जो त्या गावचा नव्हता, त्या देशाचा नव्हता, त्या रंगाचाही नव्हता.

गावाचं नाव कोबुर्ग. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, उत्तरेच्या टोकाला, इट्स नावाच्या लहान नदीकाठी. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. डोंगरावर मोठा किल्ला आहे; धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर १५३० साली जवळपास सहा महिने तिथे राहिला होता. गावातल्या मुख्य चर्चचं नाव संत मोरित्स, आपण त्याला मॉरिस म्हणू. ढालीवरचा चेहरा त्याचाच. पंधराव्या शतकाच्या शेवटी तो नगरचिन्हात आला. आज तो तिथे पायाखालीही भेटतो, रस्त्यातल्या गटारांच्या लोखंडी झाकणांवर. डोक्यावरही भेटतो. बाजारचौकातल्या नगरभवनाच्या माथ्यावर त्याचा पुतळा आहे, हातात सेनापतीचा दंड. कोबुर्गचे लोक पाइनच्या सुक्या फळांच्या निखाऱ्यावर लांब सॉसेज भाजतात, आणि तो दंड म्हणजे त्या सॉसेजच्या लांबीचं अधिकृत माप, सुमारे ३१ सेंटिमीटर, असं गावात सांगितलं जातं. संताला त्यांनी लाडाने सॉसेजवाला बाबा करून टाकलं आहे. ज्याच्याशी असं लडिवाळपणे बोलता येतं तो देव घरातला असतो, हे पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता हळूहळू मॉरिसकडे जाऊ. मननाचा सगळ्यात लांब टप्पा हाच आहे.

इसवी सनाचं तिसरं शतक संपत आलं आहे. रोमच्या सैन्यात इजिप्तमधल्या थीब्सकडची एक पलटण आहे आणि पलटणीतले सगळे ख्रिस्ती आहेत. मॉरिस त्यांचा म्होरक्या. सम्राट मॅक्सिमियनने त्यांना आल्प्स ओलांडून आणलं आहे. आजच्या स्वित्झर्लंडमध्ये, ऱ्होन नदीच्या अरुंद खोऱ्यात, अगौनुम नावाच्या जागी ते थांबले आहेत. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मधून थंड पाणी. हुकूम येतो, की ख्रिस्ती लोकांना धरायचं, त्यांचा छळ करायचा. पलटण नकार देते.

नकार कसा देते ते पाहा. कथेप्रमाणे त्यांचं म्हणणं असं होतं: आम्ही तुझे शिपाई आहोत, शत्रूशी लढू, पण निरपराधांवर हात टाकणार नाही. बंड नाही, पळून जाणं नाही. हातात शस्त्रं आहेत, संख्या मोठी आहे, आणि तरी ती शस्त्रं सम्राटावर उगारली जात नाहीत. अशा पलटणीला रोममध्ये एक ठरलेली शिक्षा होती. रांगेतल्या दर दहाव्या माणसाला मारायचं.

त्या रांगेत उभे राहून पाहा. कोणी तरी मोजत येतो आहे. तुमच्या डावीकडच्याचा आकडा तुम्हाला ऐकू येतो. सात, आठ. नवव्यावर आकडा तुमच्याकडे आला तर तुम्ही वाचलात, आणि शेजारचा गेला. तो काही वेगळा नाही, त्याने काही जास्त केलं नाही. तो केवळ तिथे उभा होता. मोजणी संपते, मारणं संपतं, आणि पुन्हा विचारणा होते: आता तरी ऐकणार का? उरलेले पुन्हा नाही म्हणतात. पुन्हा मोजणी. लियोंचा बिशप युखेरियस याने पाचव्या शतकात ही कथा लिहून ठेवली, त्यात पलटणीची संख्या ६६०० दिली आहे. म्हणजे पहिल्या फेरीत ६६० माणसं. शेवटी सगळेच मारले गेले.

आत काय हालतं ते बघा. मरणाची भीती हालते, ते स्वाभाविक आहे. पण पहिल्या फेरीनंतर वाचलेल्या माणसाकडे मन न्या. त्याने किंमत पाहिली आहे. पहिला नकार आवेशात देता येतो. दुसरा नकार पुरता समजून द्यावा लागतो. मॉरिसच्या कथेचा कणा मला या दुसऱ्या नकारात दिसतो.

इतिहासकार या कथेकडे संशयाने पाहतात. एवढी अख्खी पलटण एका दिवशी अशी मारली गेली, याचा त्या काळातला पुरावा नाही, आणि युखेरियस दीडशेहून अधिक वर्षांनंतर लिहितो आहे. हे मान्य करूनही मनन थांबत नाही. ५१५ साली बर्गंडीचा राजा सिगिस्मुंड याने त्याच जागी मठ स्थापला आणि तो अजून चालू आहे. पंधराशे वर्षं माणसं ज्या गोष्टीभोवती प्रार्थना करत राहिली, तिच्या पायाशी मेलेले शिपाई ६६०० होते की साठ, यावर तिचं वजन ठरत नाही.

मॉरिस स्वित्झर्लंडमधून जर्मनीत आला तो राजांच्या हाताने. जर्मन राजा ओटो पहिला याने ९३७ साली माग्डेबुर्गला मॉरिसच्या नावाने मठ बांधला, पुढे त्याच्या अस्थी तिथे आणवल्या. ओटो सम्राट झाला तसा मॉरिस साम्राज्याचा रक्षक संत झाला. लढायांमध्ये त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं, त्याचा म्हणून एक पवित्र भाला मिरवला जाऊ लागला. ज्याने निरपराधांवर शस्त्र चालवायला नकार दिला, त्याला शस्त्रांचा संत करून टाकण्यात आलं. सत्तेला संत लागतात, आणि ती त्यांना आपल्या मापाचे करून घेते. या ओळीवर मन अडखळलं तर अडखळू द्या.

तेव्हाच्या चित्रांत मॉरिस गोरा होता. इतर शूर संतांसारखाच एक. १२०७ मध्ये माग्डेबुर्गचं जुनं कॅथेड्रल जळालं, १२०९ पासून नवं उभं राहू लागलं, आणि १२४० ते १२५० च्या सुमारास कोणा शिल्पकाराने त्या कॅथेड्रलसाठी वालुकाश्मात मॉरिस घडवला. शिल्पकाराचं नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याने काय केलं ते मात्र समोर आहे. त्याने मॉरिसला आफ्रिकी केलं.

इथे पुतळ्यासमोर उभे राहू. गुडघ्यांखालचे पाय तुटून गेले आहेत. हातातला भाला नाहीसा झाला आहे. अंगावर चिलखत आहे, आणि ते इतक्या बारकाईने कोरलं आहे की जुन्या चिलखतांचे अभ्यासक आजही ते पाहायला येतात. डोक्याभोवती कड्याकड्यांची जाळी घट्ट बसली आहे, आणि त्या जाळीच्या चौकटीत चेहरा आहे. गडद रंगाच्या खुणा अजून शिल्लक आहेत. रुंद नाक, भरलेले ओठ, गालांची हाडं, कपाळावर किंचित ताण. यात वेडंवाकडं काही नाही, भय दाखवायला केलेलं काही नाही, मौजेसाठी केलेलंही काही नाही. हा अमुक एका माणसाचा चेहरा वाटतो. शिल्पकाराने आफ्रिकी माणूस प्रत्यक्ष पाहिला असावा असं पाहणाऱ्याला वाटतंच, कारण ऐकीव माहितीवरून असा चेहरा घडत नाही.

असं का झालं, याची कारणं अभ्यासक शोधतात. सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारात आफ्रिकी माणसं होती. साम्राज्य सगळ्या जगाचं आहे असं दाखवायची त्याला हौस होती. ते असेलही. मला तरी त्या अनामिक हाताचा धीर जास्त मोलाचा वाटतो. संत इजिप्तच्या दक्षिणेचा आहे असं सगळे म्हणत होते. त्याने ते खरं मानलं आणि दगडात आणलं. त्यानंतर जर्मनीच्या या भागात काळा मॉरिस रुजला. १५२० नंतर चित्रकार ग्र्यूनेवाल्डने त्याला चकाकत्या चिलखतात संत इरॅस्मसशी बोलताना रंगवलं. ते चित्र आज म्युनिकला आहे. त्यात मॉरिस कोणाचा नोकर नाही. बिशपच्या वेशातल्या संताशी तो बरोबरीने बोलतो आहे.

मग तोच चेहरा नुसत्या डोक्याच्या रूपात कोबुर्गच्या ढालीवर आला. चित्राच्या जगात डोकं वेगळं काढणं ही नाजूक गोष्ट आहे. स्पेनमधल्या आरागॉनच्या ढालीवर चार काळी डोकी आहेत. तिथली दंतकथा सांगते, की १०९६ मध्ये अल्कोरासच्या लढाईत हरलेल्या मूर, म्हणजे मुस्लिम, राजांची ती डोकी. म्हणजे छाटलेली. सार्डिनिया बेटाच्या ध्वजावरही तशीच चार आहेत. आता आरागॉनची आणि कोबुर्गची ढाल शेजारी शेजारी ठेवा. एकीकडे जिंकून कापलेलं डोकं, दुसरीकडे पूजेचं डोकं. रेषा जवळपास त्याच, रंग तोच. एक शत्रूचा अंत दाखवते, दुसरी आश्रयदात्याचा चेहरा. चित्र आपला अर्थ आपणहून सांगत नाही. ते कोणत्या चर्चच्या दाराशी उभं आहे, कोणाच्या तोंडी आहे, त्यावर अर्थ ठरतो. आणि तोंडं बदलतात.

कोबुर्गमध्ये ती बदलली. हा भाग सावकाश वाचवत नाही, तरी सावकाशच वाचा.

१९२२ च्या ऑक्टोबरमध्ये हिटलर साडेसहाशेच्या आसपास माणसं घेऊन खास आगगाडीने कोबुर्गला आला. रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या आणि त्याच्या माणसांनी गाव आपलं म्हणून मिरवलं. १९२९ मध्ये नगरपरिषदेच्या २५ जागांपैकी १३ नाझी पक्षाला मिळाल्या. जर्मनीतल्या कोणत्याही नगरपरिषदेत त्या पक्षाला मिळालेलं हे पहिलं स्पष्ट बहुमत, आणि ते मतपेटीतून आलं. गावात राहणारा माजी ड्यूक, राणी व्हिक्टोरियाचा नातू कार्ल एडुआर्ड, त्यांच्या बाजूचा होता. याच घराण्यातला प्रिन्स अल्बर्ट, ज्याचं नाव भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या आधी होतं, त्याचा पुतळा कोबुर्गच्या चौकात उभा आहे. त्या पुतळ्याच्या अवतीभवती हे सगळं घडलं.

१९३४ मध्ये काळा चेहरा ढालीवरून काढण्यात आला. आफ्रिकी माणूस जर्मन नगराचा चेहरा असू शकत नाही, असा हिशेब. त्याच्या जागी आली एक उभी तलवार, आणि तिच्या मुठीच्या टोकावर स्वस्तिक.

इथे थांबा. ज्याची कीर्तीच मुळी निरपराधांवर तलवार न उचलल्याबद्दल होती, त्याला काढून तलवार बसवली. असं ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. मॉरिसने जो हुकूम नाकारला तोच हुकूम, शेजारच्या निरपराधांना धरण्याचा, आता गावाला येत होता. कोबुर्गच्या ज्यू नागरिकांना रस्त्यात मारहाण झाली, धंदे बंद पाडले गेले, आणि उरलेल्यांना १९४१ आणि १९४२ मध्ये गावातून पूर्वेकडे पाठवण्यात आलं. चर्चचं नाव मोरित्सच होतं. नगरभवनाच्या माथ्यावरचा पुतळाही जुनाच होता. रांगेत उभं राहून नाही म्हणणारे मात्र फार थोडे निघाले. शेकडो वर्षं एका नकार देणाऱ्या संताच्या आडोशाला राहूनही गाव नकार द्यायला शिकलं नाही. मला ही गोष्ट या सगळ्या इतिहासात सगळ्यात जड वाटते, आणि तिला हलकं करणारं काही माझ्याकडे नाही. आपणही कोणाकोणाच्या नावांच्या आडोशाला राहतो, आपल्या चौकाचौकांत कोणाचे पुतळे आहेत, ते ज्याचं त्याने आठवावं.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने कोबुर्ग घेतलं. त्याच वर्षी तलवार गेली आणि मॉरिस परत आला.

आजचा प्रश्न वेगळा आहे. २०२० मध्ये जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा कोबुर्गचं चिन्हही बदला अशी मागणी झाली. जाड लाल ओठ, कानात बाळी: ही ठेवण वसाहतींच्या काळातल्या टिंगलीच्या चित्रांसारखी आहे, असं म्हणणं होतं. गावातल्या पुष्कळांनी विरोध केला. हा आमचा संत आहे, याला नाझींनी काढलं होतं, पुन्हा आम्ही काढायचा का? चिन्ह राहिलं.

दोन्ही बाजू मनात धरून बघा. जर्मनीत राहणारा काळा माणूस रस्त्यावरच्या झाकणावर ते ओठ पाहतो तेव्हा त्याला जे टोचतं ते खरं आहे. त्याला अगौनुमची कथा सांगून ते टोचणं जात नाही. आणि गावाचं म्हणणंही खरं आहे. तो चेहरा ढालीवर आला तो आदराने, आणि तो काढणारे कोण होते हे विसरून त्यांचंच काम पुन्हा करणं बरं नव्हे. माझं मत असं, की चिन्ह ठेवावं आणि चेहरा नव्याने काढावा. ढालींच्या परंपरेत याला पूर्ण जागा आहे. तिथे चिन्हाचा गाभा म्हणजे शब्दांतलं वर्णन: सोनेरी पृष्ठभागावर संत मॉरिसचं मस्तक. प्रत्येक पिढीचा चित्रकार त्या वर्णनावरून आपल्या हाताने काढतो, म्हणूनच एकाच घराण्याचा सिंह दोन शतकांत दोन तऱ्हांचा दिसतो. माग्डेबुर्गच्या शिल्पकाराला आठशे वर्षांपूर्वी जे साधलं, एका माणसाचं तोंड माणसासारखं दाखवणं, ते आजच्या चित्रकाराला का साधू नये?

जाता जाता एक धागा आपल्याकडचा. सॅक्सनीचा राजपुरुष मोरित्स याचं नाव याच संतावरून. त्याच्या मुलीच्या मुलाला, नासाउच्या मॉरिसला, आजोबांचं नाव मिळालं. त्या नातवाच्या सन्मानार्थ १५९८ मध्ये डच खलाशांनी हिंदी महासागरातल्या एका बेटाला नाव दिलं: मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातून माणसं त्या बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात आणि भाद्रपदात गणपती बसवतात. आपल्या बेटाच्या नावामागे एक आफ्रिकी शिपाई उभा आहे हे त्यांच्यापैकी कित्येकांना ठाऊक असेल, कित्येकांना नसेल.

कधी जर्मनीला जाणं झालं तर एक विनंती आहे. कोबुर्गच्या आधी माग्डेबुर्गला जा. कॅथेड्रलमधल्या त्या पाय तुटलेल्या पुतळ्यासमोर निदान पंधरा मिनिटं उभे राहा, फोन खिशात ठेवून. मग कोबुर्गला या आणि ढाल पाहा. हा क्रम उलटा करू नका. २२ सप्टेंबरला, मॉरिसच्या स्मृतिदिनी, जाता आलं तर उत्तमच.